उद्घाटनाचं पाणी

डोंगरातली माणसं मोठी काटक असतात, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. परवाच आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ बाकावर बसून सगळ्यांना सांगत होते, मोकळी हवा, पायी चालणं, झऱ्याचं पाणी, तिकडे ना कुणाला बीपी ना शुगर. मी त्यांना विचारलं की तुम्ही तिकडच्या एका तरी बाईला, बाई गं तुला काय होतं, असं विचारलंत का? गृहस्थ चपापले. मी मग आणखी बरंच बोलले. घरी आल्यावर सून म्हणाली, "मम्मी, तुम्ही काहून इतक्या चिडून राहिल्या? अंकलजी तर अच्छाच बोलत होते." तिचं चूक नाही. तिला फगनी माहीत नाही. आमच्या घरात फगनीला पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे, म्हणून हे लिहून ठेवते.

तेव्हा आम्ही नर्मदेकाठच्या हिंदीभाषक शहरात, गढा नावाच्या भागात राहत होतो. वडिलांचे पूर्वज कधीतरी भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. वडील सरकारी कचेरीत बाबू होते आणि सरकारवर त्यांचा अढळ विश्वास होता. घर दोन खोल्यांचं, पुढे अंगण, अंगणात नळ. पहाटे नळ यायच्या आधी त्यातून हवेचा फुत्कार यायचा, मग खाकरल्यासारखा आवाज, आणि मग बादलीच्या बुडावर पहिली धार. तो आवाज झाला की गल्लीतल्या सगळ्या घरांच्या कड्या वाजायच्या. आई पदर खोचून पिंप, बादल्या, तांब्याचा हंडा भरायची आणि मला हाका मारायची. मी उशी डोक्यावर ओढून घ्यायची. पाणी भरणं हे मला जगातलं सगळ्यात कंटाळवाणं काम वाटायचं. तेवढ्यात पोहे फोडणीला पडायचे, कोपऱ्यावरच्या दुकानातून जिलबीचा वास यायचा, आणि वडील देवापुढे उभे राहून पुटपुटायचे. असं आमचं साधं, भरल्या पाण्याचं घर.

कुसुमआत्या ही वडिलांची मोठी बहीण. तिने लग्न केलं नाही. ती मास्तरीण होती आणि तिची नेमणूक कोसमटेकरीला होती. नागपूर रस्त्याने जायचं, तिलवाऱ्याचा पूल ओलांडायचा, पुढे तास दीड तास गेल्यावर एका फाट्यावर बस सोडायची आणि मग सरळ डोंगर चढायचा. वर गोंडांची वस्ती. दर शनिवारी संध्याकाळी आत्या घरी यायची. आली की आधी अंगणातल्या नळाखाली पाय धरायची आणि बराच वेळ तशीच उभी राहायची. वडील म्हणायचे, "ताई, बदलीचा अर्ज कर न. सगळे करून राहिले." आत्या म्हणायची, "मी आली तर तिथं जाईल कोण?" तिचा आवाज खणखणीत होता, बोलणं तोडून टाकणारं होतं, आणि रीतिभातींची तिला फार हौस होती. शाळेत संक्रांतीला ती गोंडांच्या पोरींना तिळगूळ वाटायची, गुढी उभारायची. त्या पोरी घरी जाऊन आयांना सांगायच्या की बहनजीनी आज बांबूला साडी नेसवली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आत्याकडे गेले होते, म्हणून तिथलं पाणी मला ठाऊक आहे. डोंगराच्या पायथ्याशी ओढ्याच्या कोरड्या पात्रात खड्डा खणलेला असायचा, त्याला झिरिया म्हणत. त्यात पाणी पाझरून जमेपर्यंत बायका काठावर उकिडव्या बसून राहायच्या. वाटीभर जमलं की घागरीत ओतायचं, पुन्हा वाट पाहायची. घागर भरली की डोक्यावर घेऊन तो चढ चढायचा. चढावर नुसतं मोकळ्या हाताने जाताना मला धाप लागायची. सकाळ त्यातच जायची, दुपार कलली की पुन्हा तेच. वस्तीच्या टोकावर उभं राहिलं तर खाली लांबवर नर्मदेचं पाणी दिसायचं, भरपूर, निळं. शहराला ते पंपाने यायचं. टेकरीवाल्यांना ते बघायला मिळायचं.

फगनीचं घर शाळेच्या मागेच. वय विशीच्या आतबाहेर, हनुवटीवर गोंदण, आणि हसताना तोंडावर पदर घ्यायची सवय. तिचं पहिलं बाळंतपण झोपडीतच झालं, मूल जगलं नाही, आणि पुरतं अंग धरायच्या आत ती पुन्हा झिरियावर जाऊ लागली. सासू म्हातारी, घरात दुसरी बाई नाही, आणि पुरुषाने डोक्यावर घागर घ्यायची तिकडे पद्धत नव्हती. इकडे तरी कुठे होती? हळूहळू तिला चालणं जमेना. या दुखण्याचं नाव घेताना आमच्याकडच्या बायका आवाज खाली आणतात, मलाही तेव्हा "पोटाचा त्रास" एवढंच सांगितलं होतं. आता मी या वयात कुणाची भीड धरू? तिचं गर्भाशय खाली उतरलं होतं. ते हाताने आत सारून, वर फडकं बांधून ती घागरी वाहत होती. आत्याला कळलं तेव्हा ती फगनीच्या नवऱ्यावर इतकी ओरडली म्हणे की शाळेतली पोरं पळून गेली. मग खाटेवर घालून फगनीला डोंगराखाली आणलं, बसमध्ये घातलं, आणि ती आमच्या घरी आली.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया केली. पिशवी टाके घालून जागच्या जागी बसवली. पोर तरुण आहे, मूल हवंय, म्हणून काढली नाही, असं त्यांनी आईला समजावून सांगितलं. पण एक अट घातली. पुढचं मूल होऊन ते चालायला लागेपर्यंत डोक्यावर, कमरेवर काहीही वजन घ्यायचं नाही. "एक घड़ा भी नहीं," त्या म्हणाल्या, आणि फगनीने मान हलवली. तिला मूल हवं होतं. इतकं हवं होतं की आमच्या शेजारच्या तान्ह्या पोराला मांडीवर घेतलं की ती परत द्यायला विसरायची. "अब की बार बच जैहै, दीदी," असं ती आईला सांगायची, जणू आईच्या हातात होतं.

अशी ती आमच्याकडे राहिली. मागच्या खोलीत तिची गादी घातली होती. आई तिच्यासाठी मऊ वरणभात, दुधी, माठाची भाजी करायची आणि ती निमूट खायची. शेवटी एकदा हळूच म्हणाली, इथे कुटकी मिळते का? वडिलांनी गढ्याच्या बाजारातून कुटकी, म्हणजे वरीसारखं बारीक धान्य, आणली, फगनीने बसल्या जागेवरून सांगितलं तशी आईने तिची पेज केली, आंबटसर, पातळ, आणि आम्ही सगळ्यांनी ती वाटीवाटी प्यायली. फगनीचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा उजळला. मात्र नळ सुरू झाला की तिला पडून राहवत नसे. पहिला खाकरा ऐकू आला की ती उठून भिंतीला धरून अंगणात यायची आणि पायरीवर बसून धारेकडे बघायची. मी दात घासताना नळ तसाच सोडला तर मला काही बोलायची नाही, उठून स्वतः बंद करायची. मला राग यायचा. घर आमचं, नळ आमचा.

आणि मग एका शनिवारी आत्या आली ती पाय न धुताच आत आली. "फगनी, नळ येऊन राहिला!" टेकरीवर टाकी बांधून झाली होती, पायथ्यापासून नळी वर गेली होती, वस्तीच्या मध्यभागी चौथरा आणि त्यावर तोटी बसली होती. पुढच्या आठवड्यात उद्घाटन. मोठे पाहुणे येणार होते. वडील तर हरखून गेले. "बघ, मी म्हणत होतो न? सरकारचं काम आहे, वेळ लागते, पण होते." आईला वाटत होतं फगनीने अजून राहावं, जखम ओली आहे. पण फगनीने लुगड्याची घडी घालायला घेतली होती. "अब काय को डर, दीदी? नल तो आ गओ." घराशेजारी नळ असला तर घागर उचलायची ती केवढी, चार पावलं, तीही नवरा आणेल. सगळ्यांनी तिला हसून निरोप द्यायचं ठरवलं आणि आम्ही सगळेच तिला पोचवायला म्हणून उद्घाटनाला निघालो.

त्याआधी काय झालं होतं ते सांगायला हवं. त्या कामावरचा ओवरसियर आत्याला शाळेत येऊन भेटला होता. गोड माणूस, बहनजी बहनजी करणारा. म्हणाला, बहनजी, आपल्याकडे मंगल कामाला कलशयात्रा हवीच. वस्तीतल्या सगळ्या बायकांनी झिरियाचं पाणी कलशात भरून वाजत गाजत आणावं आणि पाहुणे यायच्या आधी टाकीला अर्पण करावं. जुन्या पाण्याने नव्या पाण्याचं स्वागत. आत्याला ही कल्पना भारीच आवडली. आपण नाही का नव्या घरात आधी भरला हंडा नेत? तिने बायकांना जमवलं, गाणं शिकवलं, आणि तिच्या स्वभावाप्रमाणे सगळं रीतसर करायचं ठरवलं. प्रत्येक घागरीला हळदीकुंकवाची बोटं, आत चिमूट चिमूट हळद, झेंडूच्या पाकळ्या, तोंडावर आंब्याचा डहाळा. ओवरसियरने हे काही सांगितलं नव्हतं. त्याला नुसतं पाणी हवं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा यात्रा चढावर होती. मांदर ढोल वाजत होता, बायका रांगेने घागरी घेऊन येत होत्या, पुढे आत्या, नव्या काठाच्या साडीत, गात. टाकीला शिडी लावली होती, दोन माणसं वर उभी राहून घागरी घेत होती आणि ओतत होती. मोठमोठ्या तांब्यापितळेच्या, मातीच्या, पत्र्याच्या घागरी, सगळ्या वस्तीचं त्या दिवसाचं प्यायचं पाणी. फगनी रांगेत जायला निघाली तेव्हा आत्याने तिला दटावलं आणि तिच्या हातात एक लहानसा लोटा दिला. तिने तोच दोन्ही हातांनी नेऊन दिला आणि टाकीकडे बघून हात जोडले. आई डोळे पुसत होती. खोटं कशाला बोलू, मलाही गहिवरून आलं होतं.

पाहुणे आले. हार झाले, भाषणं झाली. डोंगरातल्या माता-भगिनींच्या डोक्यावरचा भार आजपासून उतरला, असं एकाने सांगितलं आणि माता-भगिनींनी टाळ्या वाजवल्या. मग मुख्य पाहुणे चौथऱ्यावर चढले, फोटोवाला पुढे झाला, आणि त्यांनी तोटी फिरवली. आधी काहीच आलं नाही. मग एक पिचकारी उडाली, आणि मग धार सुरू झाली, पिवळी. हळदीचं पाणी. त्यात झेंडूच्या पाकळ्या एकामागून एक येत होत्या. पाहुण्यांच्या पांढऱ्या बाहीवर पिवळे शिंतोडे उडाले. मग पाहुणेच हसून म्हणाले, "देखिए, मैया का आशीर्वाद!" आणि पुन्हा टाळ्या. तोटीत पाकळ्या अडकल्या, धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, थांबली. फोटो तोवर निघाला होता.

टाळ्या न वाजवणारी एकटी आत्या होती. ती पाकळ्यांकडे बघत होती. मग ती सरळ ओवरसियरकडे गेली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "भैया, मोटर कहाँ है?" तो म्हणाला, "आ रही है बहनजी, हफ्ते भर में." आत्याने विचारलं, "और बिजली का तार?" तेव्हा मी पण मान वर करून पाहिलं. वस्तीवर एकही खांब नव्हता; टाकी आणि तोटीला भुललेल्या आत्यालाही तोवर ते सुचलं नव्हतं. खाली विहीर नव्हती, मोटर नव्हती, वीज नव्हती. होती ती फक्त टाकी, आणि टाकीत बायकांच्या डोक्यावरून चढलेलं पाणी. "बहनजी, चलो, मिठाई लीजिए," ओवरसियर म्हणाला. त्या दुपारी वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन पुन्हा झिरियावर उतरल्या. उद्घाटनासाठी त्यांनी सकाळी तो खड्डा तळापर्यंत उपसला होता. संध्याकाळपर्यंत त्या काठावर बसून होत्या.

बाईच्या डोक्यावरचं पाणी काढून घ्यायचं, ते तिलाच नळातून दाखवायचं, आणि तिच्याकडूनच टाळ्या घ्यायच्या! आयुष्यात मी पुष्कळ फसवाफसवी पाहिली, पण एवढी निर्लज्ज दुसरी पाहिली नाही.

मोटर आली नाही. आत्या दर शनिवारी घरी यायच्या आधी नळाच्या कामाच्या कचेरीत जाऊ लागली. तिथे तिला सांगत की कोसमटेकरी आता नळवाली वस्ती आहे, उद्घाटन झालेलं आहे, फोटो आहे, आता तिथे नव्याने काय मंजूर करायचं? वडील म्हणायचे, "ताई, धीर धर न थोडा." आत्या म्हणाली, "फगनीचं अंग धीर धरते का?" वडील वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. फगनीच्या वाटणीची घागर आत्या स्वतः आणत होती. रोज, शाळा सुटल्यावर, पदर खोचून, त्या वयात. वस्तीतल्या बाया हसायच्या, मग हसेनाशा झाल्या. फगनी आमच्याकडे निरोप पाठवायची, दीदींना सांगा मी अट पाळून राहिले आहे. आणि थोड्याच दिवसांत दुसरा निरोप आला की तिला दिवस गेले आहेत. आईने देवापुढे साखर ठेवली.

मग आत्याची बदली झाली. गढ्यात, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावरच्या शाळेत. ज्या बदलीसाठी मास्तरलोक साहेबांच्या दारात चपला झिजवतात ती तिला न मागता मिळाली. शेजारीपाजारी अभिनंदन करायला आले, वडिलांनी पेढे आणले. आत्याने पेढ्यांचा पुडा उचलून अंगणात भिरकावला. "मले तिथून उपटून फेकलं रे त्यांनी," ती वडिलांना म्हणाली, "आणि तू पेढे वाटून राहिला!" तिला मी रडताना तेव्हाच एकदा पाहिलं. टेकरीवर तिच्या जागी कुणी आलं नाही. शाळेला कुलूप लागलं.

मागच्या वर्षी मी मुलाच्या गाडीने तिकडे जाऊन आले. आता वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. घरोघरी दारात नवे नळ उभे आहेत, छान रंगवलेले. एका नळाला बकरी बांधली होती. मी तोटी फिरवून पाहिली तर घरातली मुलगी म्हणाली, "आंटी, वो तो ऐसेई लगा है." आणि घागर घेऊन ती उतरणीला लागली. मुलगा म्हणाला, "आई, चल न आता, हवा किती मस्त आहे इथं." मी गाडीत बसले आणि तिलवाऱ्यापर्यंत बोलतच राहिले.

आत्याच्या बदलीनंतर फगनीला पुन्हा खाटेवर घालून आणलं तेव्हा होळी जवळ आली होती. सासूचा पाय चढावर घसरून मोडला होता, आत्या नव्हती, आणि घरात पाणी लागतच होतं. पोट घेऊन ती झिरियावर जात होती. टाके तुटले, मूल गेलं, ताप चढला. आई आणि मी दवाखान्यात बरोबर होतो. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या संतापलेल्याच होत्या. वाईट नव्हत्या त्या, त्यांचं काम त्यांनी मनापासून केलं होतं, म्हणूनच संतापल्या होत्या. "मना किया था न? एक घड़ा भी नहीं, बोला था न? तुम लोग सुनते क्यों नहीं?" फगनी स्ट्रेचरवर होती, ओठ सुकलेले. तिने बाईंकडे पाहिलं आणि अगदी समजूत घालावी तशी म्हणाली, "पानी तो पीनेई पड़त है, डाक्टर साब." या वेळी पिशवी काढावीच लागली.

दुसऱ्या दिवशी तिला नीट शुद्ध आली. वडील पेज घेऊन आले होते, दाराशी उभे होते. आई तिच्या केसांवरून हात फिरवत होती. तिला कसं सांगायचं याची जुळवाजुळव आईच्या मनात चालली असावी. पण नर्सने तिला आधीच सांगून टाकलं होतं. फगनी रडली नाही. मग मान वळवून तिने आईला विचारलं, "दीदी, अब तो घड़ा उठा सकत हूँ न?"

आई उठली. दाराशी उभ्या वडिलांना बाजूला सारून व्हरांड्यात गेली, आणि जिने आयुष्यात कधी कुणाला अरे म्हटलं नव्हतं ती माझी आई, त्या भरलेल्या दवाखान्यात, ओवरसियरच्या, पाहुण्यांच्या, टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांच्या नावाने मराठीत आणि हिंदीत तोंडाला येईल ते ओरडू लागली. वडील धावत तिच्यामागे गेले. "अगं हळू बोल न," ते म्हणाले, "सगळे लोक ऐकून राहिले."

"ऐकू दे," आई म्हणाली, आणि तिने आवाज आणखी चढवला.